मिटलेली उधारी

२०१३ साल. शाळेच्या दाखल्यावर मी साठीचा होतो, आईच्या सांगण्यानं बासष्टचा. शाळा दुसरीपर्यंतच झाली, त्यामुळं मी आईचंच खरं धरतो. भूकंपात औश्याकडचं घर पडल्यावर आधी नांदेडला एका कारखान्याची कँटीन चालवली, मग लातूरला आलो. तिथं क्लासेसच्या गल्लीत आम्ही दोघा नवराबायकोनं मुलींची खानावळ टाकली. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला लातुरात येत होत्या आणि त्यांच्या जिवावर आमची चूल पेटती होती.

नांदेडला असताना एका बँकेच्या माणसानं क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं होतं. त्यावर फ्रिज घेतला, मोठी शेगडी घेतली. हप्ते चुकले, व्याजावर व्याज चढलं. शेवटी बँकेशी एकरकमी ठरलं आणि बायकोच्या पाटल्या मोडून मी पैसे भरले. साहेबानं सही-शिक्क्याचा कागद दिला, आता काही बाकी नाही असा. तो मी तिथंच त्याच्या टेबलासमोर उभा फाडला.

"काका, हे काय केलं?"

"मिटलं ना? मग."

आमच्याकडं उधारी फिटली की चिठ्ठी दोघांच्या देखत फाडतात. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा गावच्या दुकानदाराचं देणं दिलं. त्यानं चिठ्ठी फाडून चुलीत घातली आणि त्याच चुलीवर मला चहा करून पाजला. फिटलेला कागद जपून ठेवणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर शंका घेणं. मी तर साहेबाचा मानच केला होता. त्याला ते कळलं नाही, त्याला मी काय करणार.

चार वर्षांनी फोन सुरू झाले. बँकेनं जुनी खाती कुठल्या वसुलीवाल्यांना विकली होती म्हणे, आणि त्यांच्या यादीत माझं नाव तसंच राहिलं होतं. आधी एक पोरगी गोड आवाजात हिंदीतून बोलायची. मग फोनवर एक बाप्या आला, तो गोड नव्हता. एकाला समजावलं की दुसरा यायचा, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगा. फोन वाजला की हातातलं काम गळून पडायचं. सांगून सांगून माझं खरं मलाच खोटं वाटायला लागलं.

जूनमध्ये ॲडमिशनच्या दिवसांत वसुलीचे दोघं जण मोटरसायकलवर थेट दारात आले. दुपारच्या जेवणाची वेळ. उदगीरचा एक आडत्या त्याच दिवशी जेवण चाखायला आला होता. त्याची पोरगी आणि तिच्या मैत्रिणी वर्षभर आमच्याकडं जेवणार होत्या. तेवढी ताटं मिळाली तरच जागेचं भाडं निघणार होतं.

वसुलीवाले दोघंही जेवायला बसले. मी वाढलं. त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं. हात धुता धुता एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, वरण झकास हाय. पण बँकेचं खाल्लेलं कवा देणार?"

"दिलं. चार वर्षं झाली."

"कागद दावा."

"फाडला."

तो जोडीदाराकडं बघून हसला. "बाकीच्यांचे कागद उंदीर खातात. मामांनी सवताच फाडला."

पोरींचे हात ताटातच थांबले.

"आज पाचशे टाका, बाकीचं पुढं बघू. न्हाईतर रोज येऊ."

"या की. ताटाचे पैसे रोख लागतात."

तेवढ्यात बायको आतून पाचशेची नोट मुठीत धरून आली. "द्या अन् घालवा यांना."

कोपऱ्यातून उदगीरचा शेठ म्हणाला, "वैनी, देऊ नका. एक रुपाया दिला तरी सगळं कबूल केल्यावानी होतं."

मी दोघांकडून ताटाचे पैसे घेतले. उद्या येतो म्हणून ते गेले. शेठ मात्र बसून राहिला.

"आमच्या आडतीत बी फिटली की चिठ्ठी फाडतात," तो म्हणाला. "तुमचं खरं हाय. पण पोरी इथं जेवणार अन् असले लोक दारात उभे. घरी पोरीच्या आईला मी काय सांगू?"

"माझ्या शब्दावर भरोसा न्हाई का?"

"तुमच्यावर हाय. त्यांच्यावर न्हाई. बँकेतून दुसरा कागद आणा, मग पोरी आणतो."

मला राग आला. पण त्याच्या जागी मीही हेच बोललो असतो, म्हणून राग कुठं टाकावा ते कळेना. दुपारभर बायको भांडी घासत होती, जरा जोरातच. मी म्हणालो, "मी काही मागायला जाणार न्हाई. मी दिलेलं हाय."

ती मान वर न करता म्हणाली, "पाटल्या माझ्या गेल्या. कागद मागताना तुमचं काय जातंय?"

मी खुंटीवरचा सदरा काढून धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळून दिली, धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या गाडीनं नांदेडला गेलो. बँक उघडायची होती, पायरीवर बसलो. आत जुना साहेब नव्हता. त्याच्या खुर्चीवर एक बाई होत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी मशीनमध्ये बघितलं, खातं बंद दिसत होतं. "अर्ज द्या काका, कागद हरवला म्हणून लिहा."

"हरवला न्हाई. फिटल्यावर फाडला."

"तसं कोणी लिहीत नाही. हरवलाच लिहा, लवकर मिळेल."

मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात फाडला असंच लिहिलं, खाली सही केली आणि अर्ज त्यांच्यापुढं सरकवला.