छातीतल्या तक्रारीची पाहणी

घोषणेचा अर्धा भाग देणाऱ्यानं द्यायचा आणि उरलेला अर्धा लोकांनी. मधे एवढीशी जागा असते, तिच्यात आपण श्वास घेतो. पाण्याच्या ऑफिससमोर, भर दुपारी, मी "पाणी आमच्या" म्हटलं आणि लोक "हक्काचं" म्हणेपर्यंतच्या त्या जागेत माझं हृदय थांबलं. म्हणजे थांबलं असं मला वाटलं. मग आतून कुणीतरी एकदाच जोरात दार ठोठावावं तसा ठोका पडला, आणि पुन्हा सगळं चालू.

मी भोंगा शेजारच्या कार्यकर्त्याच्या हातात दिला आणि कंपाउंडच्या सावलीत जाऊन बसले. आमच्याच गल्लीतल्या एका मावशीनं बाटली पुढं केली.

"ऊन लागलं आसंल. घे. आठवड्याचं शिळं हाय, पण थंड हाय."

मी पाण्याच्या प्रश्नावर काम करते. काम म्हणजे पत्रकं लिहायची, ती वाटायची, आणि सभा असली की आदल्या दिवशी रिक्षाला भोंगा बांधून वस्तीभर फिरत लोकांना बोलवायचं. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. आमच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे मात्र अजून कुणाला आदल्या दिवशी सांगता येत नाही. पत्रकं लिहून लिहून माझं बोलणंही तसंच झालं आहे. आई शेजारणींना सांगते, "भाजीत मीठ कमी पडलं तरी ही जाहीर निषेध करती."

आमच्या संघटनेचा एक नियम आहे. ऑफिसातून "तक्रार निकाली, दोष आढळला नाही" असं उत्तर आलं की पहिला प्रश्न विचारायचा : पाहणी कुणी केली? कोणत्या गल्लीत आले होते? कुणाच्या नळाला हात लावला? बहुतेक वेळा कुणी आलेलंच नसतं. खुर्चीत बसून दोष आढळलेला नसतो. म्हणून "काही नाही" हे दोन शब्द कानावर पडले की माझी मान आपोआप ताठ होते.

त्या संध्याकाळी एका खासगी दवाखान्यात गेले. दारातच मोठा फलक होता, संपूर्ण शरीर तपासणीवर सवलत. हृदय, यकृत, मूत्रपिंड, सगळं एका पॅकेजात. संताप यावा असाच तो फलक होता आणि तो आलाही, पण त्या दिवशी माझी रांग पुढं सरकत होती म्हणून मी गप्प बसले. ईसीजी काढला. डॉक्टर माझ्याच वयाचा असावा.

"नॉर्मल आहे. काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काळजी करण्यासारखं काही नाही. टेन्शन घेता का फार?"

"तुम्ही कागद नीट बघितला का?"

त्यानं माझ्यासाठी कागद परत उचलला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि म्हणाला, "बघितला." राग आला नव्हता त्याला. मी मात्र रस्त्यावर येईपर्यंत ठरवून टाकलं होतं की ही तक्रार न बघता निकाली काढली आहे.

आणि "काही नाही" तर माझा मामाही म्हणाला होता. पाचोडच्या आठवडी बाजारात, कांद्याच्या गोणीवर बसून. "काय नाय, पित्त झालंय," म्हणाला आणि सोडा मागवला. सोडा अर्धाच प्यायला आणि तिथंच गेला. त्याला साखर होती, बिडी होती, आणि आयुष्यात एकदाही तो दवाखान्याची पायरी चढला नव्हता. मला यातलं काहीच नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरीही बोटं मनगटावर जायची ती जायचीच.

सिटी बसमध्ये, बैठकीत, दात घासताना, पत्रकाचा मजकूर लिहिताना डावा हात कागदावर आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, मग लिहायला हातच उरायचा नाही. नाडी मनगटावर सापडली नाही तर गळ्याला. ठोका, ठोका, ठोका, जागा, धप्प. लक्ष ठेवायला लागल्यापासून ते जास्तच व्हायला लागलं. मी याचा अर्थ रोग वाढतोय असा लावला. आंदोलनात आम्ही हेच शिकलो होतो : लक्ष ठेवलं की खरी परिस्थिती उघडी पडते.

खालच्या ऑफिसनं फेटाळलं की वरच्या ऑफिसात अपील करायचं, या सवयीनं मी दुसऱ्या डॉक्टरकडं गेले, मग तिसऱ्याकडं. कुणी इको केला, पडद्यावर माझं हृदय मला दाखवलं. कुणी छातीला वायरी चिकटवून कमरेला यंत्र बांधून दिवसभरासाठी घरी पाठवलं. ते यंत्र घालून मी भाकरी थापल्या. आई म्हणाली, "बाँब बांधल्यावानी दिसायलीस. ऑफिसात जाऊ नको आज, पकडतील." सगळ्यांचं उत्तर एकच आलं. इतक्या जणांचं एकमत आमच्या बैठकीत कधी होत नाही, म्हणून मला त्याचाच संशय यायचा.

या दिवसांत एक सभा आली. तिच्या आदल्या दिवशी रिक्षा फिरवायची होती. आमचा रिक्षावाला दख्खनी बोलतो. मी त्याला भाई म्हणते, तो मला ताई. रिक्षात मागं बसून माइकवर ओरडताना ठोका चुकला आणि तिथंच पडले तर, हे चित्र माझ्या डोक्यात तयार होतं. मी मोबाईलवर आवाज भरला आणि त्याच्या हातात दिला. परत परत वाजेल असा लावून दे, म्हटलं.

"तुम नै आते?"

"घसा बसलाय."

त्यानं भरलेला आवाज एकदा ऐकला. खणखणीत होता. "घसा तो अच्छा बैठा है," एवढंच म्हणाला आणि गेला.

सभेला पुढच्या दोन सतरंज्या भरल्या, मागच्या रिकाम्या. माझी नजर त्या रिकाम्या सतरंज्यांवर आहे हे पाहून त्या दिवशीच्या बाटलीवाल्या मावशीनं तोंड उघडलं.

"काल आवाज आला व्हता की. म्या म्हणलं भंगारवालाच हाय. जुना पत्रा, लोखंड कवा म्हणतो म्हणून वाट बघत बसले."

बायका हसल्या. आमच्याकडं भंगारवाले असाच भरलेला आवाज लावून फिरतात. मीही हसले, कारण खरं होतं.

"तू सोता आलीस ना," मावशी म्हणाली, "की नाव घेती. 'पिंपळाखालच्या मावशे, भांडी संध्याकाळी घास, आधी सभेला ये.' मंग यावंच लागतं, लाज वाटती. त्या डब्याला कोण लाजंल?"

त्याच सभेत कळलं की एवढ्या निवेदनांनंतर, पुढच्या आठवड्यात पाण्याचे साहेब खुद्द वस्तीत पाहणीला येणार आहेत. आमची पहिल्यापासूनची मागणी हीच होती. खुर्चीतून उठा आणि दारात या. आता ते येणार, आणि त्या वेळी दारं बंद असली, बाया कामावर गेलेल्या असल्या, तर ते दोन गल्ल्या फिरून "तक्रार आढळली नाही" असं लिहून जाणार. या वेळी ते खोटंही ठरलं नसतं. लोकांना त्या दिवशी घरी थांबवायचं होतं, एक दिवसाची मजुरी सोडायला लावायचं होतं. हे भंगारवाल्याच्या आवाजात होत नाही. रिक्षात मलाच बसावं लागणार होतं.

मी सरकारी दवाखान्यात गेले, शेवटचं अपील म्हणून. डॉक्टर वयानं मोठ्या बाई होत्या. त्यांनी माझी सगळी फाइल पाहिली, मग मला झोपवून स्वतः छाती तपासली, बराच वेळ. मी मनात म्हटलं, बघा, यांनाही सापडत नाहीये.

"आत्ता आला एक," त्या म्हणाल्या.

"कळला मला."

"मलाही कळला. एक ठोका वेळेआधी पडतो. मग हृदय जरा थांबतं, त्यात रक्त जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो. तुम्हाला बंद पडल्यासारखं वाटतं ती फक्त दोन ठोक्यांमधली जागा आहे. पुष्कळांना येतात असे. बऱ्याच जणांना पत्ताही नसतो."

"मला का पत्ता लागतो?"

"तुम्ही पहाऱ्यावर बसलाय म्हणून." त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "चढ चढताना येतात का?"

मागच्या महिन्यात आम्ही काही जण दौलताबादचा किल्ला चढून आलो होतो. मी आठवून पाहिलं. चढताना नाही, खाली येऊन रिक्षाची वाट बघत बसले तेव्हा आले होते.

"चक्कर येऊन पडलात कधी? धावताना छातीत दुखतं, दम कोंडतो?"

"नाही."

"तसं काही झालं तर लगेच या, तेव्हा मी तुम्हाला परत पाठवणार नाही. चहा किती पिता?"

आंदोलनातल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांनी काय ते ओळखलं.

"निम्मा करा. झोप पुरी घ्या. आणि नाडी बघणं बंद."

"मला हे लेखी द्याल का? धोका नाही असं."

बाई पहिल्यांदा हसल्या. "देते की. लिहून दिलं तर नाडी बघणं थांबवाल?"

मी खरं उत्तर शोधलं. मला सापडलं ते असं की मी तो कागद पर्समध्ये ठेवीन, दर थोड्या वेळानं काढून वाचीन, आणि वाचताना दुसरा हात मनगटावर असेल.

"नाही," मी म्हणाले.

"मग कशाला देऊ? आला ठोका की येऊ द्यायचा. हातातलं काम चालू ठेवायचं. भीती वाटेल. वाटू द्यायची, पण बोटं मनगटावर नाहीत. पहिले काही दिवस जड जाईल."

बाहेर पडून दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसले. आमच्या नियमानं मी स्वतःलाच प्रश्न विचारले. पाहणी झाली का? झाली. कुणी केली? एकामागून एक चार डॉक्टरांनी. जागेवर येऊन केली का? छातीला कान लावून, तक्रार चालू असताना केली. मामानं पाहणीच करू दिली नव्हती, आणि ऑफिस करत नव्हतं. माझ्या बाबतीत ती झाली होती आणि उत्तर मला आवडलं नव्हतं, एवढाच फरक. माझ्याच नियमानं तक्रार निकाली निघाली होती.

पण हे पटल्यानं बोटं थांबली असं नाही. तिथंच लिंबाखाली ती निघाली होती. मी हात मांडीखाली दाबून बसले. शेजारच्या बाकावरच्या आजीबाई माझ्याकडं बघत होत्या. हात गारठला असं वाटलं असेल त्यांना, मे महिन्यात. घरी गेल्यावर चहाचा कप निम्मा केला, डोकं दुखलं, आईला उगाच बोलले. नाडी बघण्याची हुक्की आली की पत्रकांच्या घड्या घालायला बसायचे, कारण त्याला दोन्ही हात लागतात. त्या आठवड्यात आमच्याकडं घड्या घातलेल्या पत्रकांचा साठा कधी नव्हता एवढा झाला. काही दिवस भीती तशीच आली, काही दिवस कमी.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी रिक्षात मागं बसले. भाईनं आरशातून बघितलं.

"घसा ठीक?"

"घसा ठीकच होता भाई. छातीचं टेन्शन होतं. डॉक्टर म्हणाले काही नाही."

"काही नाही तो कायकू इत्ते दिन?"

"मला पटत नव्हतं."

"तुमको तो कुछबी नै पटता," असं म्हणून त्यानं रिक्षा चालू केली.

पहिल्या गल्लीत बरं गेलं. दुसऱ्या गल्लीच्या वळणावर, "उद्या सकाळी घर सोडू नका" म्हणताना "घर" आणि "सोडू"च्या मधे ती जागा आली. मग धप्प. माइक उजव्या हातात होता, डावा हात गळ्याकडं निघाला. मी त्या हातानं रिक्षाची दांडी धरली. अंगाला घाम फुटला होता. भाईला आवाज तुटल्याचं कळलं.

"रोकू?"

"नको. पुढं घे." आणि माइकवर, "सोडू नका. साहेब येणार आहेत. पिंपळाखालच्या मावशे, आज भंगारवाला नाही, मीच आहे."

"दिसतंय की," मावशी दारातूनच म्हणाली. "लई दिसांनी उगवलीस."

सगळी वस्ती फिरलो. ठोके चुकत राहिले, किती ते मी मोजलं नाही. शेवटच्या गल्लीत तर मी एका घरापुढं भांडतही होते, त्यांचं म्हणणं होतं की साहेब येऊन काय दिवे लावणार आहेत. त्या भांडणात छातीकडं लक्षच नव्हतं हे नंतर, रिक्षातून उतरताना माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सगळे थांबले असं नाही म्हणता येणार. कामावर जाणं भाग असलेले गेले. पण बहुतेक दारात कुणी ना कुणी उभं होतं आणि रिकामे ड्रम बाहेर रांगेनं मांडले होते. साहेब आले, बरोबर एक इंजिनियर आणि फाइल धरलेला शिपाई. पिंपळाखाली थांबून साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"हं. कोण बोलणार?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच ती जागा आली. दोन्ही हात मोकळे होते. ते मी तसेच ठेवले, श्वास घेतला, पुढचा ठोका दणका देऊन गेला.

"या," मी म्हणाले. "पहिल्या नळापासून सुरू करू. हात लावून बघायचं."