शेवंताबाईंच्या माथी पडलेला खर्च

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. शेवंताबाई होत्या तोवरच ती सांगायला हवी होती... निमगाव केतकीच्या बाजारात वांगी निवडत होतो, तेव्हा ओळखीचं कुणीतरी म्हणालं, अंगणवाडीच्या बाई गेल्या, बारामतीच्या दवाखान्यात. पिशवी तिथंच विसरून मी घरी आलो. त्याला आता महिना होऊन गेला.

आमच्या गावात अंगणवाडीसमोर देशी दारूच्या दुकानाला परवाना मिळाला, तेव्हा पहिल्यांदा उठल्या त्या शेवंताबाईच. पोरं खिडकीतून दिवसभर तेच बघणार, एवढंच त्यांचं म्हणणं. सह्या मी गोळा केल्या, वकील मी गाठला, आणि बाईमाणसाच्या नावाचं वजन पडतं म्हणून अपिलावर परवान्याविरुद्ध एकट्या त्यांचं नाव घालायलाही मीच सुचवलं. त्या हसल्या. "घाला की. पण तात्या, मागं तुमी हाय ना?" मी व्हय म्हणालो.

पुढं माझ्या लेकीची सोयरीक दुकानदाराच्या भवानीनगरच्या पुतण्याशी जुळू लागली. दुकानदार माझ्या ओसरीवर येऊन बसला. अपील मागं घ्या, दुकान गावाबाहेर हलवतो, अपिलाचा खर्च कुणी कुणाकडं मागायचा नाही, असा शब्द त्यानं दिला. शेवंताबाईंना ते कागदावर हवं होतं. सोयऱ्याधायऱ्यांत कागद कशाला, बोलणं माझ्यासमोर झालंय, असं मी त्यांना सांगितलं. माझ्या भरवशावर त्यांनी पुढच्या सुनावणीत अपील मागं घेतलं.

त्याच सुनावणीत दुकानदाराच्या वकिलानं खर्च मागितला. असं ठरलं नव्हतं, बाई म्हणाल्या. शब्द कुणासमोर दिला होता, अपील ऐकणाऱ्या साहेबांनी शांतपणे विचारलं. बाईंनी माझ्याकडं हात केला. साखरपुडा तोंडावर आला होता... मी उठलो आणि म्हणालो, "माझ्यासमोर असं काही बोलणं झालं नाही."

बाईंनी वळूनही बघितलं नाही. पदर सारखा करून खाली बसल्या. अपील विनाकारण केलं, सबब खर्च अपीलकर्तीनं द्यावा, असा निकाल झाला.

खर्च त्यांनी भरला. कसा, ते मी विचारलं नाही. दुकान हललं नाही. ज्या बायकांनी सह्या केल्या होत्या त्याच म्हणू लागल्या की बाईनं पैसं खाऊन माघार घेतली. मी एका वाक्यात त्यांची तोंडं बंद करू शकत होतो. लग्नाला मात्र शेवंताबाई आल्या. लेकीची ओटी भरली आणि न जेवता गेल्या.

दवाखान्यात मी एकदाच गेलो. माफीचे शब्द एसटीत बसून जुळवले होते. त्यांनीच आधी विचारलं, "लेक सुखात हाय ना, तात्या?" ती सुखात नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. "हाय," मी म्हणालो. "मग झालं," म्हणाल्या आणि त्यांनी कूस बदलली.

परवा अंगणवाडीत गेलो. निकालानंतर बाईंनी रस्त्याकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती आणि त्यांवर पोरांसाठी रंगानं आंब्याचं झाड काढलं होतं. खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. नव्या सेविका म्हणाल्या, "तात्या, एवढी खिडकी उघडून द्या की, उजेड येईल." फळ्यांपलीकडून दुकानावरची बोलणी ऐकू येत होती. सेविका पोरांना घरी सोडायला गेल्या आणि मी त्या झाडासमोर नुसता उभा राहिलो. बाई, शब्द माझ्यासमोरच दिला होता, मी खोटं बोललो, मला माफ करा... एवढंच म्हणायचं होतं. रिकाम्या खोलीतही ते तोंडातून निघालं नाही.