वेळेवर जेवण्याचा वर्ग

रविवार, १२ जुलै १९३६. मास्तरांच्या ओटीवर हजर: मी, माझी जाऊ आणि समोरच्या शिवणकामाच्या बाई. तिघींनाही अर्धशिशी.

मास्तर आमच्याच भद्रकाली पेठेतले. निवृत्त झाल्यावर त्यांना वर्ग हवा होता आणि आम्हाला उतारा, म्हणून हे जमलं. त्यांचा औषधावर विश्वास नाही, सवयींवर आहे. झोप ठरल्या वेळी, जेवण ठरल्या वेळी, आणि डोकं दुखलं की त्याआधी काय केलं ते वहीत लिहायचं. या शिस्तीने माझं दुखणं निम्मं झालं, हे कबूल. शिकवण्याची तऱ्हा मात्र पहिलीची.

"उपाशी राहिलं की डोकं काय करतं? दु..."

"दुखतं!" आम्ही तीन थोराड बायका एका सुरात.

आज दीड वाजला तरी मास्तर थांबेनात. पाणी प्यायला मी आत गेले, तर त्यांची बायको, आमच्या काकू, कपाळाला फडकं आवळून भिंतीला टेकलेल्या.

"काकू, दोन घास खाऊन घ्या की."

"अगं, त्यांचं जेवण व्हायचंय अजून."

मी बाहेर येऊन म्हटलं, "मास्तर, काकूंचं डोकं ठणकतंय."

"ठणकणारच. वही लिहीत नाही ना ती!" म्हणत त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: नियमित आहार.

वर्ग सुटावा म्हणून मी दोघींना घेऊन उठले. मास्तर दारापर्यंत शिकवत आले. काकूंना त्यांच्याआधी पानावर बसवायचं काम अजून राहिलं आहे.