विठाबाईचं चित्र कुठं लावायचं

मंगळवार पेठेतल्या आकारामची एक गोष्ट मानायला पाहिजे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जन्मभर फिटर म्हणून राबला, पण एक सूत इकडंतिकडं झालेलं काम त्यानं कधी हातावेगळं केलं नाही. तोच हट्ट त्यानं घरातही चालवला आणि तिथंच घात झाला. एकुलत्या एका लेकीनं, मोनानं, परजातीतल्या पोराशी लग्न केलं, तेव्हा या गड्यानं परड्यातल्या नळाखाली बसून तिच्या नावानं अंघोळ केली. जित्या पोरीच्या नावानं! 'आमाला मेली ती,' म्हणाला. बायको विठाबाई पदर तोंडात कोंबून रडत राहिली, पण त्याच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती?

मोना बडोद्याला गेली, शाळेत चित्रकला शिकवायला लागली. दर दिवाळीला आकारामच्या मोबाइलवर फोन करायची. 'आण्णा' एवढं ऐकलं की हा कट करायचा. विठाबाईकडं फोन नव्हता आणि भावकीत पोरीचं नाव काढायची सोय नव्हती.

गेल्या आषाढात विठाबाईनं अंथरूण धरलं. "मोनीला बोलवा की वो," एवढंच तिचं चाललेलं. शेवटी एका दुपारी आकाराम फोन घेऊन बाहेर गेला, तालमीच्या कट्ट्यावर नुसताच बसला, आणि परत येऊन म्हणाला, "लावलता फोन. येत न्हाई म्हणाली." विठाबाईनं मान भिंतीकडं वळवली. त्याच आठवड्यात ती गेली. वैऱ्यालाही कुणी असं मारत नाही हो!

त्यानंतरच्या दिवाळीला फोन वाजला आणि आकारामनं पहिल्यांदाच कट केला नाही. घर खायला उठलं होतं. "ये," म्हणाला. "तुझी चित्रं माळ्यावरनं काढल्यात. भितीला लावतोय." पलीकडं पोरगी रडायलाच लागली. "आण्णा, आईला द्या की जरा."

 "देवळात गेलीया," आकाराम म्हणाला. जित्या पोरीला मेली म्हणाला आणि मेलेल्या बायकोला देवळात धाडलं! काय म्हणावं या माणसाला?

त्याची थोरली बहीण अंबूबाई गडमुडशिंगीहून राहायला आली तेव्हा बाहेरच्या सोप्यात फरशीभर चित्रं मांडलेली. रंकाळ्यातल्या म्हशी होत्या, लाल मातीनं माखलेला पैलवान होता, भवानी मंडपाची कमान होती. आणि भाकरी थापता थापता मान वर करून हसणारी विठाबाई होती. आकाराम टेप घेऊन गुडघ्यावर सरकत होता.

"पोरीला सांगितलास काय?" अंबूबाईनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"आल्यावर बघंल की भितीवर."

"आरं, तोंड हाय का न्हाई तुला? लाव फोन आनि सांग."

"जीभ उचलंना, आक्का." आकारामचा आवाज खाली गेला. "ती आत आली की आदी म्हशी दिसतील. मग पैलवान. जरा हसंल बिसंल. विठा शेवटाला, आतल्या दाराजवळ. तिथवर पोरगी जाईस्तोवर जमंल मला सांगायला."

"बैल गेला आनि झोपा केला," म्हणत अंबूबाई चहा ठेवायला आत गेली. डोळे तिचेही भरलेलेच होते.

मग मांडामांड सुरू झाली. पाणसळ लावून तो ओळ तपासायचा, खूण करायचा, पुसायचा, पुन्हा करायचा. दाराजवळ ठेवलेली विठाबाई मात्र कोपऱ्यात टाकल्यासारखी दिसायला लागली. जन्मभर कोपऱ्यातच ठेवली, आता पण तिथंच? त्यानं चित्र उचललं आणि भिंतीच्या मधोमध लावलं. वर चंदनाचा हार घातला. हार घातल्याबरोबर विठाबाई एकदम मेलेली दिसायला लागली, आणि एवढा दांडगा माणूस मटकन खाली बसून हुंदके द्यायला लागला.

मोना यायच्या दिवशी सकाळीच त्यानं तो हार काढून कपाटात टाकला. हार नसला म्हणजे पोरीला लगेच कळणार नाही, दोन घास पोटात जाऊ देत, मग सांगू, असा त्याचा बेत.

"आई!" मोनानं रिक्षातनं उतरल्या उतरल्या हाक मारली. बॅग उंबऱ्यात टाकून ती आत आली.

"बस, पाणी पी. आदी भित तरी बघ," आकाराम घाईघाईनं म्हणाला.

मोनानं बघितलं. म्हशींपाशी खुदकन हसली. "आण्णा, ही म्हस बघा की! शिंगं बोकडाची काढल्यात मी." मग पैलवान बघितला. मग तिची नजर मधोमध आली आणि हसू जागीच थांबलं.

"हे कुणी लावलं?"

"मीच की. बरोबर मधी हाय बघ, सूतभर फरक न्हाई."

"आई लावू देत न्हवती, आण्णा. मी किती मागं लागलेली. जित्या माणसाला भितीवर टांगू नये म्हणायची. म्हणायची, मी मेल्यावर लाव..."

 तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं अंबूबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

आकारामला हे ठाऊकच नव्हतं. मायलेकी आपसांत काय बोलायच्या, ते त्यानं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

"कधी?" मोनानं विचारलं.

"आषाढात."

"मला बोलावलं न्हाई तिनं?"

अचानक गेली, वेळच मिळाला नाही, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण पोरगी तोंडाकडं बघत होती.

"बोलावलं की," आकाराम म्हणाला. "रोज बोलावलं. मीच तिला सांगितलं, फोन लावलता, तू येत न्हाई म्हणालीस."

"आनि तिला ते खरं वाटलं?"

"व्हय."

मोना ओरडली नाही. तिनं खिळ्यावरचं चित्र काढलं, ते घेऊन फरशीवर बसली आणि आईच्या तोंडावरनं हात फिरवत तिला समजावून सांगायला लागली, "आई, मला फोनच आला न्हवता गं. खरंच सांगते, फोनच आला न्हवता."