रुमाल टाकून धरलेला देश

नांदगावला एसटी लागताच एका तरण्या माणसानं खिडकीतून रुमाल टाकून माझ्या शेजारची जागा धरली, आणि बसल्याबरोबर देशाची राखण सुरू केली. मोबाईलमधली निर्वासितांची बातमी मला दाखवून म्हणाला, “बाबा, एकालाबी आत घेऊ नये. कोणाच्या गाठोड्यात काय असंल, सांगता येतं का?”

बातमीतल्या त्या घर जळालेल्या बाईच्या गाठोड्यात काय असणार? झडती घ्या की, कोण नाय म्हणतं. दार कशाला लावता? पण रुमालावर जहागीर मिळालेल्याला कोण सांगणार.

मग माझ्या मांडीवरचं लाल गाठोडं बघून तो आक्रसला. “ह्यात काय हाय?”

“बायको,” मी म्हणालो. “अस्थी रामकुंडात सोडायच्यात. हिला येऊ द्यायचं का नाशकात?”

त्यानं रुमाल तोंडाला लावला. पुढं नाशिक येईपर्यंत देश बिनराखणीचा राहिला.