पावसच्या सड्यावर चतुर टिपताना

सांगलीहून पावसला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. पावसाळा सरला होता, तरी सड्यावरची (कातळाच्या उघड्या पठारावरची) डबकी भरलेली होती आणि त्यांवर लाल चतुर घिरट्या घालत होते. चतुराचा डोळा जवळून, अगदी रेखीव टिपायचा, या नादात माझं निवृत्तीनंतरचं वर्ष गेलं होतं. या खेपेलाही जमलं नाही, तर कॅमेरा भाच्याला देऊन टाकायचं ठरवून आलो होतो.

पाहुण्यांना घरी खोली देणाऱ्या सुमनताईंकडे उतरलो. त्यांनी बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट कालवण) नि तांदळाची भाकरी वाढली. सकाळी त्या गवत कापायला सड्यावर निघाल्या, मीही मागोमाग गेलो.

श्वास रोखून, कोपरं कातळावर टेकवून फोटो काढू लागलो. उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून काढलेले फोटोही डोळ्याला लावायच्या भिंगातूनच तपासत होतो. सगळे धूसर. आधी वाऱ्याला दोष दिला, मग लेन्सला. दहा वेळा सेटिंग बदललं. तरीही धूसरच. काय चुकतंय ते कळेना. चिडून काढलेले फोटो कॅमेऱ्यातून उडवत, डिलीट करत सुटलो. तीनेकशे तरी उडवले असतील.

विळा घेऊन सुमनताई जवळ आल्या. "काय झाला? सकाळपासना नुसते पुटपुटताव."

"एकही फोटो स्वच्छ येत नाही."

"बगू." त्यांनी भिंगाला डोळा लावून शेवटचा फोटो पाहिला. "ह्यो तर चकचकीत हाय. पायावरचं केस पन दिसतात. तोंडात माशी धरलीन हाय."

मला वाटलं, बाई समजूत काढतायत. पुन्हा पाहिलं. लालसर डाग, बाकी धुकं.

"दुसऱ्या डोळ्यानं बगा," त्या म्हणाल्या.

डावा डोळा लावला. माशीचा एक पंख चतुराच्या जबड्याबाहेर लोंबत होता.

मी कातळावर बसलो. एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. उजव्या डोळ्याला समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघही दिसत नव्हती. हे कधीपासून, ते आठवेना.

"घरी जावन डॉक्टरला दाखवा," एवढंच बोलून ताई गवताकडे वळल्या.

सांगलीत डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. त्याची भीती वाटत नाही. त्या उडवलेल्या फोटोंत किती रेखीव होते, हा विचार मात्र सुटत नाही. ते आता कोणत्याच डोळ्याने पाहता येणार नाहीत.