सासऱ्यांनी पळवलेलं पाणी

माझे सासरे खाणीत पंप चालवायचे. आमच्या डोंगरातून छपरावर घालायचा पातळ दगड निघायचा, आणि इतकं खोल खणलं की पाणी लागणारच. ते उपसून दरीत सोडायचं, हे त्यांचं काम. त्या उपशापायी घरामागचा झरा आटला आणि सासूबाई जन्मभर नदीवरून कळशा वाहत राहिल्या. "नवरा पाणी फेकतो, बायको भरते," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

मग खाण बंद पडली. माझ्या नवऱ्याला शहरात नोकरी लागली, सासूबाईंची कंबर तर कधीच वाकली होती. आम्हीही शेजाऱ्यांसारखं बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. सासरे मात्र हटून बसले. "पंप थांबलाय. खाण भरली की झरा परत येणार. जरा थांबा."

रोज सकाळी ते खाणीच्या तोंडाशी जायचे, आत खडा टाकायचे आणि 'डुबुक' ऐकायचे. पाणी किती चढलंय ते खाणीतले लोक असंच ओळखत. "आज डुबुक लवकर आलं," असं घरी येऊन सांगायचे. बुडत्याला काडीचा आधार, असं पुटपुटत मी भांडी पोत्यात भरायचे.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी ते गप्पच परतले.

"आज नाही का आलं डुबुक?" मी विचारलं.

"आलं की. खडा सुटला आणि लगेच आलं."

"मग झरा कुठंय?"

त्यांनी खिशातला उरलेला खडा काढून उंबऱ्यावर ठेवला. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले, तर पाय चिखलात. "कोणी सांडलं इथे पाणी?" मी ओरडले. ओरडल्यावर माझं मलाच कळलं. आमच्या घरात पाणी सांडायची कोणाची छाती होती?

सासरे धावत आले. हातांनीच पाला उपसला, दगड बाजूला केले. आधी गढूळ ओल झिरपली, दुपारनंतर करंगळीएवढी स्वच्छ धार लागली. कळशी भरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग ती स्वतः उचलून आणली आणि सासूबाईंसमोर ठेवली.

सासूबाई ओंजळभर पाणी प्यायल्या.

"उद्याही तुम्हीच भरायचं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्या टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग."